सांगीन तर सगळ्यांनाच

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात बँकेच्या रांगेत उभी होते. ज्या काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरीची सगळी वर्षं काढली, त्याच काउंटरच्या बाहेर उभं राहून पेन्शनसाठी आपण अजून जिवंत आहोत असं दर वर्षी लिहून द्यायचं, याचा मला भारी राग येतो. फॉर्म अर्धा भरून झाला होता. वहिनी एवढंच म्हणाली, "सुमन, ये लवकर." तिच्या मागे कोणीतरी रडत होतं. मी काही विचारलं नाही. फॉर्म तसाच टाकून बसस्टँड गाठलं. अमरावतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण काच अशी अडकलेली की वर जाईना आणि खालीही येईना. मूर्तिजापूरपर्यंत मी त्या काचेशी झगडत होते. शेवटी शेजारच्या बाईनं माझा हात धरला. "राहू द्या ना बाई, काहून जीव काढून राहिल्या?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

प्राध्यापक दिवाकर तायडे या पुरवणीच्या जुन्या वाचकांना आठवत असतील. आतल्या पानावर, डाव्या हाताला, दर रविवारी 'देणंघेणं' नावाचं त्यांचं सदर यायचं. माझा सख्खा मोठा भाऊ. घरात मी त्याला अरे-तुरे करायची आणि इथेही तेच करणार आहे. अहो-जाहो केलं तर तो माणूस मलाच परका वाटू लागतो. आमचे वडील अकोल्यात जिनिंगमध्ये हमाली करायचे. पाठीवरून कापसाच्या इतक्या गाठी वाहिल्या, पण ती गाठ पुढे कुठे जाते हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. दादानं मात्र तोच एक प्रश्न धरला तो सोडलाच नाही. गाठ कुठे जाते, तिचे पैसे कुठून येतात, येता येता वाटेत कुठे थांबतात... अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता त्यानं हेच केलं, आणि निवृत्तीनंतर तर दुसरं काही केलंच नाही.

त्याच्या खोलीत भिंतभर एक कागद लावलेला होता. त्यावर देशांची नावं आणि एका देशाकडून दुसऱ्याकडे जाणारे पेन्सिलचे बाण. सकाळी आंघोळ, बुद्धवंदना, चहा आटोपला की तो कम्प्युटर उघडायचा आणि पाच-सहा देशांच्या मध्यवर्ती बँकांचे तक्ते काढून बसायचा. पूर्वी हीच माहिती जाडजूड टपालानं यायची आणि पोस्टमन वैतागायचा. कोणाकडे किती परकीय चलन उरलं, कोणी कोणाकडून काय मागवलं, आखातात कामाला गेलेल्या माणसांनी घरी किती पाठवलं, हे सगळं वहीत उतरवून झालं की एखादा बाण तो खोडरबरानं बारीक करायचा, एखादा गिरवून जाड करायचा. पोरांना शिकवताना म्हणायचा, "तिकडे युरोपातल्या बाईनं यंदा नवा शर्ट घेतला नाही, तर आपल्या शेंदूरजनाघाटात संत्र्याचा भाव पडतो." पोरं हसायची. मग तो बोट ठेवून दाखवायचा. शर्ट शिवला जातो बांगलादेशात. शर्ट विकला नाही की तिथे डॉलर येत नाहीत. डॉलर कमी पडले की सरकार आधी चैनीच्या मालावर हात टाकतं, आणि त्यांच्या लेखी आपलं संत्रं ही चैन. ते परदेशी फळावर कर वाढवतात आणि आपल्या गाड्या सीमेवरून परत फिरतात. शिवाय त्याच शर्टाचं सूत आपल्या कापसाचं, म्हणजे भातकुलीचा कापूस आणि वरुडकडचं संत्रं दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही फुलायचा की जणू ती खुंटी त्यानंच ठोकली आहे.

त्याची एक खोड मात्र निराळी होती. एक देश म्हणतो आम्ही इतका माल पाठवला. दुसरा म्हणतो आमच्याकडे इतका आला. हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. दादा दोन्हीकडचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून मधलं हरवलेलं शोधायचा. आणि प्रत्येक देशाच्या परदेशी देण्याघेण्याच्या ताळेबंदात एक ओळ असते, 'चुका आणि सुटलेलं' अशा अर्थाची. जे जुळत नाही ते सगळं त्या ओळीत टाकायचं. त्या ओळीवर त्याचं प्रेमच होतं. मी बँकेतली, मला न जुळणारा हिशेब पाहिला की अंगावर काटा येतो. मी म्हणायची, "बापा, जे नाई जुळत त्याच्यात तुले एवढी काय गोडी?" तो म्हणायचा, "जुळते ते तर सारेच पाह्यतात, सुमे."

एकदा दिल्लीच्या एका संस्थेतून त्याला बोलावणं आलं होतं. हेच काम, पण पगारी, हाताखाली माणसं, परदेशवाऱ्या. तेव्हा बाबा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. माझं नुकतंच लग्न झालं होतं, मी काही त्यांना सासरी नेऊ शकले नाही. खरं सांगायचं तर तसं सुचवलंही नाही. दादानं नकार कळवला आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. पुढे जगातला पैसा कुठून कुठे जातो हे रोज पाहणारा हा माणूस अकोल्याच्या पलीकडे जेमतेम चार-पाच वेळा गेला असेल. भिंतीवरचे बाण सगळीकडे जायचे आणि तो खुर्चीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते, कारण टाळत राहिले तर सगळाच लेख खोटा होईल.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास मी अमरावतीला गेले होते. जेवताना सहज बोलून गेले की आमच्या बँकेतल्या जुन्या लोकांकडून ऐकलं, बांगलादेशातल्या बँका मालाच्या पैशांची हमी देणारी पत्रं द्यायला फार वेळ लावून राहिल्या. दादाचा घास हातातच राहिला. तो उठून खोलीत गेला आणि वरणभात निवून गेला तरी आला नाही. त्याच्या तक्त्यांमध्ये जे अंधूक दिसत होतं त्याला माझ्या बोलण्यानं दुजोरा मिळाला होता. तिकडे डॉलर आटत होते. संत्र्यावर कर वाढणार, आणि तोही दिवाळीच्या आत, असं त्याचं मत झालं.

त्याच आठवड्यात मनोहर आला. शेंदूरजनाघाटचा मनोहर हा दादाचा विद्यार्थी, घरची बाग सांभाळणारा, आणि दादावर जीव टाकणारा. आमच्याकडे आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या आसपास उतरणारी फळं झाडावर असतानाच व्यापारी बाग फिरून पाहतो, अख्ख्या बागेचा सौदा ठरवतो आणि इसार देऊन जातो. त्या दिवसांत बागवाल्यापुढे एकच प्रश्न असतो, आता द्यायची की थांबायचं. मनोहरनं तोच विचारला. "सर, मले एकट्याले सांगा. देऊन टाकू का?"

दादा म्हणाला, "एकट्याले नाई सांगनार. सांगीन तर सगळ्यायले, नाईतर कोनालेच नाई. रविवारचा पेपर वाच."

मनोहर जरा खट्टू झाला, पण हसला. दादाला आपण फार न्यायाचं काही करतो आहोत असं वाटत होतं, आणि मलाही ते तसंच वाटलं. रविवारी सदर आलं. सोप्या भाषेत, एकेक बाण उलगडून सांगितलेलं. शेवटी स्पष्ट सल्ला, की सौदे लवकर करा. इतकं सुंदर त्यानं क्वचितच लिहिलं होतं. पुरवणीचं ते पान लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवलं. सोमवारपासून ज्याला त्याला बाग द्यायची घाई झाली. पेपर व्यापारीही वाचतात, हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं नव्हतं... हसू नका, खरंच नव्हतं आलं. सगळे एकदमच द्यायला निघालेत म्हटल्यावर व्यापारी आरामात बसले. भाव आठवडाभरात बसला. मनोहरनं पडत्या भावात बाग दिली. आणि त्यावर कळस असा, की त्या वर्षी कर वाढलाच नाही! तिकडच्या सरकारला कुठून तरी कर्ज मिळालं, ओढाताण पुढे ढकलली गेली. ज्यांनी सदर वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडून दिलं होतं, त्यांच्या बागा दिवाळीनंतर चांगल्या भावात गेल्या.

मग लोक बोलायला लागले. व्यापाऱ्यांनी मास्तरकडून लिहून घेतलं, असं कोणी म्हणालं. ज्याच्या सात पिढ्यांत बाग नाही त्यानं बागेवर कशाला बोलावं, असंही कोणी म्हणालं, आणि त्या वाक्यात बागेपेक्षा पिढ्यांवर जोर होता हे आम्हाला कळत होतं. घरी येऊन एका माणसानं दारातूनच पेपरचं ते पान आत भिरकावलं. दादानं ते उचललं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. मनोहर मात्र एका शब्दानं काही बोलला नाही. दादाला त्याचंच जास्त लागलं.

मी अकोल्याहून धावत आले. मला भावाची काळजी होती आणि माझ्या तोंडून निघालेल्या त्या एका वाक्याची धास्तीही होती. मी त्याच्या समोर बसले आणि म्हणाले, "दादा, माह्या गळ्याची शपथ हाये तुले. आता लिहनं नाई अन् बोलनंबी नाई. कोनं इचारलं तर सांगायचं, मले काई मालूम नाई."

"अन् खरंच मालूम असलं तर?"

"तरी नाई."

शपथा वगैरे तो मानत नसे, पण मला मानत होता. 'देणंघेणं' बंद झालं. संपादकांनी दोनदा विचारलं, त्यानं प्रकृतीचं कारण दिलं. वह्या मात्र चालूच राहिल्या. रोज सकाळी तेच तक्ते, तेच खोडरबर. फक्त आता खोलीचं दार आतून लोटलेलं असे. एकदा मी चहा घेऊन आत गेले तर तो भिंतीकडे पाहत उभा होता. म्हणाला, "सुमे, मी सोताले या कागदाच्या बाहेर समजत होतो. मीबी या बाणायतच सापडलो. बोललो त भाव मीच पाडतो. नाई बोललो त पडताना नुसता पाहत राह्यतो. सांग, आता कोनत्या बाजूनं निघू?" मी म्हणाले, "निघू नोको. बसून राय." काय बोलले मी हे! पण तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी कर वाढला. दादाला तो महिनाभर आधी दिसला होता, हे मला नंतर वहिनीनं सांगितलं. तो जेवायचा नाही, अंगणात फेऱ्या मारायचा, वहिनीवर विनाकारण चिडायचा. वरुडच्या बाजूला रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग सडत पडले. मनोहरनं अर्धी बाग तोडली. बापानं लावलेली झाडं त्यानं स्वतः उभं राहून तोडून घेतली. लोक आता उलटं बोलायला लागले. मागच्या वर्षी नको ते लिहिलं, यंदा हवं तेव्हा मास्तर कुठे दडून बसले? मी अकोल्यात बसून मनातल्या मनात म्हटलं, निदान यंदा त्याच्यावर बालंट तरी आलं नाही. माझ्या भावाचं नाव वाचलं याचाच मला आनंद होता. तो आनंद आठवला की आता स्वतःची किळस येते.

शेवटची भेट त्यानंतरच्या वर्षी दिवाळीतली. फराळाचं ताट समोर, पण त्याचं लक्ष नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्याबरोबर तो पुढे झुकला. "सुमे, यंदा पुन्हा तसंच दिसून राह्यलं. मृगाच्या बहाराले." त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते, काहीतरी दाखवायची परवानगी मागणारे. मी हात वर केला. "मले सांगू नोको. मले आयकायचंच नाई." तो मागे सरला. ताट जवळ ओढून म्हणाला, "चिवडा चांगला झाला नाई का?" मी म्हटलं, "झाला." आमचं शेवटचं बोलणं हे असं, चिवड्यावरचं. पंधरा दिवसांनी सकाळी तो खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. कम्प्युटर चालूच होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात गर्दी होती. त्रिशरण झालं, लोक आठवणी सांगायला उठले. मनोहर उठला नाही. सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि जमिनीकडे पाहत सांगू लागला. "ताई, कर वाढायच्या आधी सर माह्या घरी आल्ते. न सांगता, एस्टीनं. दिवसभर बसले. जेवले, बागेत फिरले, एकेका झाडाले हात लावून पाह्यलं. मी पाच खेप इचारलं, सर, देऊन टाकू का बाग? पाचही खेप म्हनले, मले मालूम नाई." त्यानं खुर्ची जवळ ओढली. "ताई, सरायले खोटं बोलता येत नाई. मले दिसत होतं ना, त्यायले मालूम हाये. मले वाटलं, माह्यावरचा राग हाये. मागच्या साली लोक बोलले, त्याचा राग माह्यावर..."

मला त्याला सांगायचं होतं की राग नव्हता रे, माझी शपथ होती. तो माणूस साठ-सत्तर मैल एस्टीनं आला तो सांगायलाच, आणि माझ्या गळ्यापाशी येऊन अडला. पण मंडपात माणसं होती, आणि मी भित्री. मी म्हणाले, "नाई रे, राग कायचा." तो मान हलवून गेला.

त्यानंतर मी काही दिवस वहिनीसोबत अमरावतीलाच राहिले. दादाचा मोबाइल सारखा वाजायचा. कुठून कुठून लोक दादाला विचारायचे, कोणाला बातमी कळलेली नसायची. वहिनीनं तो माझ्या हातात दिला. "तूच पाह्य आता हे," ती म्हणाली. चौथ्या की पाचव्या दिवशी, दुपारी, मनोहरचा फोन आला. मृगाच्या बहाराचे, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी उतरणाऱ्या संत्र्याचे, सौदे व्हायला लागले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "ताई... सरायनं यंदाचं काई लिहून ठेवलं का?"

वही टेबलावर होती. मी ती तोवर उघडली नव्हती. उघडली, आणि बँकेतल्या एवढ्या वर्षांचा काही उपयोग असेल तर तो त्या दुपारी झाला. दादाचं बारीक अक्षर मला वाचता आलं. एकेका आकड्यापुढे बाण, बाणापुढे प्रश्नचिन्ह, आणि शेवटच्या पानावर, मृगाच्या बहारात पुन्हा कर वाढणार या ओळीपुढे, प्रश्नचिन्ह नव्हतं. दादाचा अंदाज चुकूही शकतो, हे मी मनोहरला सांगितलं. आणि मग काय लिहिलं आहे तेही सांगितलं. वाटलं, सुटले. दादाचं देणं दिलं, ज्याला त्यानं द्यायचं त्यालाच दिलं.

मनोहरनं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग आवाज उतरवून, ओशाळल्यासारखा म्हणाला, "ताई, एक इनंती हाये. हे बाकी कोनाले सांगू नोका."

मी काहीच बोलले नाही. त्याला तो होकार वाटला असावा. त्यानं फोन ठेवला.

मनोहरला मी दोष देत नाही. दोनदा पोळलेला माणूस. एकदा दादाच्या बोलण्यानं आणि एकदा माझ्यामुळे झालेल्या दादाच्या गप्प बसण्यानं. पण दादाच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला कळलं की त्यानं उभ्या जन्मात जे एकदाही केलं नाही ते मी दोन मिनिटांत करून बसले होते. एकाला सांगितलं, की उरलेले सगळे त्या एकाच्या फायद्यासाठी अंधारात ठेवायचे. आणि सगळ्यांना सांगितलं, की फायदा कोणाचाच नाही, भाव पुन्हा बसणार, लोक पुन्हा दारात येणार. यात तिसरी वाट नव्हती. असती तर दादाला ती सापडली असती, तो माझ्यापेक्षा फार हुशार होता. खिडकी बंद, खोलीत कोंदट झालं होतं.

पुढे काय झालं ते वरुडच्या बाजूच्या वाचकांना ठाऊक आहे. भाव बसला, पण सगळ्यांचा एकदम बसला आणि एकट्यादुकट्याची बाग मागे राहिली नाही. मनोहर त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. मी वाट पाहते आहे. मला शिव्या देणारेही आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

पण त्या दुपारी, मनोहरनं फोन ठेवल्यावर, मी दादाच्या मोबाइलमधली यादी उघडली. त्यानं माणसं गावांच्या नावानं साठवून ठेवली होती. मी वरून सुरुवात केली, आणि पहिला नंबर हिवरखेडचा निघाला. पलीकडे घंटी वाजत असताना माझ्या ध्यानात आलं की त्या माणसाच्या मोबाइलवर दादाचंच नाव उमटलं असणार. फोन ठेवून द्यावा म्हणेपर्यंत उचलला गेला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाज आला, "सर...?"

"सर नाईत," मी म्हणाले. "पन आयका. त्यायचं सांगायचं राह्यलं होतं."